वेगळी निघालेली शहरं

व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीचं जुनं कोर्ट १८०० सालापासून एकाच जागी उभं आहे. लाल विटांची, कमानीदार ओसरीची इमारत. जॉर्ज वॉशिंग्टनचं मूळ मृत्युपत्र याच कोर्टाच्या दप्तरात जपलेलं आहे. कोर्टाभोवती वस्ती वाढली, वस्तीचं गाव झालं आणि १९६१ साली त्या गावाने शहराचा दर्जा मिळवला. त्या दिवसापासून फेअरफॅक्स शहर फेअरफॅक्स काउंटीत राहिलं नाही. नकाशात ते काउंटीच्या पोटातच दिसतं, चारही बाजूंना काउंटीच आहे. पण कायद्याने नातं शेजाऱ्याचं. मग काउंटीच्या कोर्टाचं काय? कोर्टकचेऱ्यांच्या आवाराचा तेवढा तुकडा काउंटीकडेच ठेवण्यात आला. म्हणजे काउंटीच्या पोटात शहर आणि शहराच्या पोटात पुन्हा काउंटी.

अशा शहरांना अमेरिकेत 'स्वतंत्र शहर' म्हणतात. राज्याचे आणि देशाचे कायदे त्यांना इतरांसारखेच लागू असतात. स्वातंत्र्य आहे ते फक्त काउंटीपासून. अमेरिकेत काउंट्या तीन हजारांहून जास्त आहेत आणि शहर कुठल्या ना कुठल्या काउंटीत असणं हीच तिथली रीत. शिकागो कुक काउंटीत आहे, सिॲटल किंग काउंटीत. या रीतीबाहेरची स्वतंत्र शहरं सगळी मिळून ४१, आणि त्यांतली ३८ एकट्या व्हर्जिनियात. उरलेली तीन म्हणजे मेरीलँडमधलं बाल्टिमोर, मिसूरीतलं सेंट लुईस आणि नेव्हाडाची राजधानी कार्सन सिटी. कार्सन सिटीची गोष्ट दोन ओळींची आहे. १९६९ साली ते शहर आणि त्याची ऑर्म्सबी काउंटी एकमेकांत विलीन झाली, त्यामुळे मागे भांडायला कुणी उरलंच नाही. बाकीच्यांचं तसं झालं नाही.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं आपण सवयीने म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. आपला जिल्हा मुळात सरकारी कारभाराचा एक भाग. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत जिल्हा परिषदेचा अंमल चालत नाही, मुंबईच्या दोन जिल्ह्यांना तर जिल्हा परिषदच नाही. तरीही पुणे शहर पुणे जिल्ह्यातच राहतं आणि कलेक्टर दोघांचा एकच असतो. व्हर्जिनियात शहर झालं की ते जिल्ह्यातूनच उठतं. काउंटीचं निवडून आलेलं मंडळ, तिचा कर, तिच्या शाळा, मालमत्तेची दप्तरं, शेरीफ, सरकारी वकील, यांतल्या कशाचाच शहराशी आपोआप संबंध उरत नाही. शहराने ते सगळं स्वतः उभं करायचं किंवा काउंटीशी करार करून पैसे मोजून घ्यायचं. आपल्याकडे भाऊ वेगळा निघतो तेव्हा चूल वेगळी होते, पण विहीर, वाट आणि देवघर यांचं काय हा प्रश्न पुढे पिढ्यानपिढ्या चालतो. या शहरांचं तसंच आहे. फेअरफॅक्स शहराचं पोलीसदल स्वतःचं, अग्निशमन दल स्वतःचं; शाळांच्या इमारती शहराच्या मालकीच्या, पण त्या चालवते काउंटी, कराराने. शेरीफ आणि सरकारी वकील दोघांत एकच, त्यामुळे त्यांच्या निवडणुकीत शहरातले लोकही मत देतात.

व्हर्जिनियाची दुसरी गंमत 'टाऊन' आणि 'सिटी' या दोन शब्दांत आहे. टाऊन काउंटीतच राहतं, त्यामुळे तिथला रहिवासी टाऊनचा आणि काउंटीचा असे दोन्ही कर भरतो. सिटीतला रहिवासी फक्त सिटीचा. सिटी व्हायला किमान ५,००० लोकसंख्या लागते, पण एकदा दर्जा मिळाला की लोकसंख्या घटली म्हणून तो आपोआप जात नाही, आणि गाव कितीही फुगलं म्हणून तो आपोआप मिळतही नाही. म्हणून २०२० च्या जनगणनेत जेमतेम ३,७०० वस्तीचं, कोळशाच्या डोंगराळ भागातलं नॉर्टन ही सिटी आहे, तर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं, ४४,००० वर वस्तीचं ब्लॅक्सबर्ग अजून टाऊनच आहे. साडेअकरा लाखांची फेअरफॅक्स काउंटी तर यांपैकी काहीच नाही. पोटोमॅक नदीपलीकडे वॉशिंग्टनसमोर उंच इमारतींनी गजबजलेलं आर्लिंग्टन कुणालाही शहरच वाटेल; कागदोपत्री ती काउंटी आहे आणि तिच्यात एकही सिटी किंवा टाऊन नाही.

नावांवर तर अजिबात विसंबू नये. चार्ल्स सिटी आणि जेम्स सिटी या दोन्ही काउंट्या आहेत. सतराव्या शतकात वसाहतीची जी पहिली विभागणी झाली तिच्यातलं 'सिटी' नावाला चिकटून राहिलं. रिचमंड काउंटी रिचमंड शहराला लागूनही नाही, ती चांगली दूर आहे. फ्रँकलिन शहराचा फ्रँकलिन काउंटीशी तसाच काही संबंध नाही. पोस्टाने या गोंधळात आणखी भर घातली आहे. वॉशिंग्टनच्या आसपास आता मराठी घरं बरीच आहेत. त्यांतल्या कुणाच्या पत्त्यात 'अलेक्झांड्रिया' किंवा 'फॉल्स चर्च' असेल तर तो माणूस त्या शहरात राहतोच असं नाही. पोस्ट ऑफिसची हद्द वेगळी, शहराची वेगळी. पत्ता फॉल्स चर्चचा आणि घरपट्टी फेअरफॅक्स काउंटीला, अशी हजारो घरं आहेत. व्हर्जिनियात मोटारीवरही दरवर्षी स्थानिक कर बसतो, तेव्हा ही हद्द नेमकी कुठून जाते हे नवख्याला पहिल्या बिलाबरोबर कळतं.

फॉल्स चर्चचं क्षेत्रफळ दोन चौरस मैल, म्हणजे पाचेक चौरस किलोमीटर. १९४८ साली ते काउंटीतून वेगळं निघालं. आपल्या शाळांचा या शहराला मोठा अभिमान, पण त्याचं हायस्कूल कित्येक वर्षं हद्दीबाहेर, फेअरफॅक्स काउंटीच्या जमिनीवर उभं होतं. दुसरीकडे आसपासच्या काउंटीतल्या हजारो घरांना पाणी पुरवणारी यंत्रणा या चिमुकल्या शहराच्या मालकीची. दरांवरून कोर्टकज्जे झाले. शेवटी शहराने पाणीपुरवठा विकून टाकला, आणि त्या व्यवहारातच २०१४ साली हद्द थोडी सरकवून हायस्कूलची जागा शहरात आली. नळ देऊन शाळा घेतली म्हणा ना.

ही पद्धत आली कुठून? कुणी एका दिवशी बसून ती ठरवली असं नाही. व्हर्जिनियात वसाहतकाळापासून काउंटी कोर्ट हीच खरी सत्ता होती: न्याय, कर, रस्ते, नोंदी, सगळं तिथे. काही शहरांना सनदेने स्वतःची कोर्टं मिळाली आणि तेवढ्यापुरती ती काउंटीच्या हाताबाहेर गेली. यादवी युद्धानंतर १८७० ची राज्यघटना आली, तिच्यानंतरच्या काळात ही फारकत पूर्ण झाली, आणि पुढे १९०२ च्या घटनेने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. शेतकरी जमीनदारांच्या राज्यात शहर हा वेगळाच प्राणी आहे, त्याचे खर्च वेगळे आणि गरजा वेगळ्या, तेव्हा त्याने आपलं आपण बघावं, अशी ही समजूत. त्या काळाला ती शोभूनही दिसत होती. शहर संपलं की शेतं सुरू व्हायची, त्यामुळे हद्द डोळ्यांनाच दिसायची.

पण शहर वाढतं. वाढलेल्या वस्तीला पाणी, गटार, पोलीस हवेत, आणि तिचा कर शहराला हवा असतो. कोल्हापूरकरांना 'हद्दवाढ' या एका शब्दाने जे आठवतं, ते व्हर्जिनियाने विसाव्या शतकभर अनुभवलं. फरक इतकाच की आपल्याकडे गाव महापालिकेत गेलं तरी जिल्हा बदलत नाही. इथे शहराची हद्द वाढली की काउंटीची जमीन, माणसं, दुकानं, शाळा आणि त्यांवरचा कर, सगळं कायमचं जायचं. १९०४ च्या कायद्याने हद्दवाढीचा निर्णय न्यायाधीशांकडे सोपवला. जो भाग शहरात जाणार त्या भागातल्या लोकांचं मत घेण्याची तरतूद नव्हती. शहराने दावा लावायचा, काउंटीने लढायचा, मधल्या लोकांनी निकालाची वाट बघायची. शहराला काउंटीच्या कर्जाचा आणि बांधकामांचा वाटा उचलावा लागे, तरी काउंटीच्या दृष्टीने हा दर काही वर्षांनी पडणारा दरोडाच होता.

आग्नेय टोकाला, हॅम्प्टन रोड्सच्या खाडीभोवती, काउंट्यांनी यावर एक अफलातून तोड काढली. कायद्याने शहर काउंटीची जमीन घेऊ शकत होतं, दुसऱ्या शहराची नाही. मग आपणच शहर झालो तर? १६३४ साली आखलेल्या पहिल्या आठ विभागांपैकी वॉरविक ही एक काउंटी. १९५२ साली ती अख्खीच्या अख्खी वॉरविक शहर झाली आणि १९५८ मध्ये शेजारच्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये विलीन झाली. त्याच १९५२ साली एलिझाबेथ सिटी काउंटी हॅम्प्टन शहरात मिसळली. १९६३ साली नॉरफोक शहराच्या धास्तीने दोन काउंट्या एकदमच गेल्या. प्रिन्सेस ॲन काउंटीने व्हर्जिनिया बीच नावाच्या समुद्रकाठच्या लहानशा पर्यटनगावाशी लग्न लावलं आणि नावही त्याचंच घेतलं. नॉरफोक काउंटीने साऊथ नॉरफोकशी हातमिळवणी करून चेसापीक हे नवं शहर जन्माला घातलं. नॉरफोक शहर तिथल्या तिथे कोंडलं गेलं. आज व्हर्जिनिया बीच हे राज्यातलं सर्वांत मोठ्या वस्तीचं शहर आहे, साडेचार लाखांच्या वरचं.

नॅन्समंड काउंटीनेही १९७२ मध्ये शहराचं सोंग घेतलं आणि १९७४ साली ती सफोकमध्ये विलीन झाली. सफोक शहराची जमीन आज सुमारे ४०० चौरस मैल आहे, हजारभर चौरस किलोमीटर. 'प्लँटर्स' कंपनीचा टोपीवाला शेंगदाणा याच गावातला, आणि भुईमुगाची शेतं, जंगल, दलदल हे सगळं या 'शहरात' येतं. एका बाजूला पाच चौरस किलोमीटरचं फॉल्स चर्च, दुसऱ्या बाजूला हजाराचं सफोक. कायद्याच्या लेखी दोघांचा दर्जा एकच. स्वतंत्र शहर म्हणजे दाट वस्ती, ही कल्पना इथे साफ निकालात निघते. शेतकऱ्यापासून वेगळं होण्यासाठी जी सोय निघाली, तीच शेतकऱ्यांनी ढाल म्हणून वापरली.

रिचमंडमध्ये मात्र प्रकरण करापुरतं राहिलं नाही.

१ जानेवारी १९७० रोजी राज्याच्या या राजधानीने चेस्टरफील्ड काउंटीचा सुमारे २३ चौरस मैलांचा भाग घेतला. त्याबरोबर ४७,२६२ माणसं शहरात आली. त्यांत कृष्णवर्णीय फक्त १,५५७. हद्दवाढीपूर्वी शहरात कृष्णवर्णीयांचं प्रमाण ५२ टक्के होतं, हद्दवाढीनंतर ते ४२ वर आलं. नगरसेवक वॉर्डातून न निवडता सगळ्या शहरातून एकत्र निवडले जायचे, तेव्हा या दहा टक्क्यांचा अर्थ उघड होता. सार्वजनिक वसाहतीत राहणाऱ्या कर्टिस होल्ट या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने दावा लावला. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९७५ साली तिथे निकाल लागला, आणि या सगळ्या काळात शहराच्या निवडणुकाच थांबल्या. १९७० मध्ये निवडून आलेलं मंडळ १९७७ पर्यंत खुर्चीवर राहिलं. घेतलेला भाग शहराकडेच राहिला, पण त्या बदल्यात नऊ वॉर्ड पाडावे लागले. १९७७ च्या निवडणुकीत नवांपैकी पाच जागा कृष्णवर्णीय उमेदवारांना मिळाल्या आणि हेन्री मार्श हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले.

त्याच वर्षांत याच हद्दीवर आणखी एक लढाई चालली होती, शाळांची. न्यायालयाच्या आदेशाने शहरातल्या शाळांत गोरी आणि काळी मुलं एकत्र बसवायची होती, पण गोरी कुटुंबं तर हद्द ओलांडून हेन्रायको आणि चेस्टरफील्ड काउंटीत चालली होती. १९७२ साली संघीय न्यायाधीश रॉबर्ट मेरिज यांनी सांगितलं, तिन्हींच्या शाळा एक करा. वरच्या न्यायालयाने तो आदेश फिरवला. सर्वोच्च न्यायालयात १९७३ साली मतं ४ विरुद्ध ४ अशी पडली, कारण न्यायमूर्ती लुईस पॉवेल पूर्वी रिचमंडच्या शाळा मंडळावर होते म्हणून बाजूला राहिले होते. समसमान मतं म्हणजे खालचा निकाल कायम. हद्द टिकली. व्हर्जिनियातल्याच एम्पोरियाचा प्रकार उलटा. हे गाव १९६७ मध्ये शहर झालं, आणि काउंटीच्या शाळांत एकत्रीकरणाचा आदेश आल्यावर १९६९ मध्ये त्याला अचानक स्वतःची वेगळी शाळाव्यवस्था हवीशी वाटली. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती वाट बंद केली. या दोन निकालांत मला विसंगती दिसते आणि एक क्रूर तर्कही दिसतो. ऐन वेळी हद्द आखून पळायचं नाही. पण आधीपासून असलेल्या हद्दीपलीकडे पळून गेलात तर कुणी हात लावणार नाही.

रिचमंडनंतर हद्दवाढीला कुणी निव्वळ सोयीचा विषय म्हणू शकलं नाही. १९८७ पासून व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शहरांच्या हद्दवाढीला स्थगिती दिली. तात्पुरती म्हणून दिलेली ही स्थगिती पुनःपुन्हा वाढवली गेली आणि आजही उठलेली नाही. तिच्या आधीच शार्लट्सव्हिल शहराने आपला सौदा करून घेतला होता. भोवतालच्या अल्बेमार्ल काउंटीने १९८२ साली सार्वमताने मान्य केलं, की आम्ही दरवर्षी आमच्या मिळकत कराचा एक वाटा तुम्हाला देऊ, तुम्ही आमच्या जमिनीवर डोळा ठेवू नका. पुढे पाच वर्षांत स्थगिती आली आणि ज्या भीतीपोटी काउंटीने हे मान्य केलं ती भीतीच संपली. करार मात्र राहिला, हप्ते चालूच राहिले. अल्बेमार्लमध्ये हा विषय काढला की लोक अजून चिडतात. पैसे देऊनही काउंटीच्या कोर्टाला जायचं तर शार्लट्सव्हिलमध्येच जावं लागतं.

हद्द गोठली की शहराचं काय होतं, हे पाहायचं तर मिसूरीत सेंट लुईसला जायला हवं. तिथे हद्द कुणी बाहेरून गोठवली नाही. शहराने ती स्वतःच्या हाताने गोठवली.

१८७० च्या दशकात मिसिसिपीकाठचं सेंट लुईस जोरात होतं. ते सेंट लुईस काउंटीचा भाग होतं, काउंटीचा बहुतेक कर शहरातून जायचा, आणि दोन कारभार पोसतो तरी कशाला, अशी शहरवाल्यांची तक्रार होती. राज्याच्या १८७५ च्या घटनेने वाटणीची मुभा दिली. २२ ऑगस्ट १८७६ रोजी मतदान झालं. पहिल्या मोजणीत प्रस्ताव पडला. मग घोटाळ्याचे आरोप झाले, फेरमोजणी झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि वाटणी मंजूर झाल्याचं ठरलं. तिकडे या घटनेला आजही 'महाघटस्फोट' म्हणतात. घटस्फोटात घर आपल्याकडे घ्यावं तशी शहराने जाताना हद्द तिपटीहून जास्त वाढवून घेतली, ६१ चौरस मैल. फॉरेस्ट पार्क हा प्रचंड बगीचा त्याच वर्षी खुला झाला, तेव्हा तो पार शेताडीत होता. एवढी जागा शहराला कधी अपुरी पडेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९०० साली सेंट लुईस देशातलं चौथ्या क्रमांकाचं शहर होतं. १९०४ मध्ये तिथे जागतिक प्रदर्शन भरलं, ऑलिंपिकही झालं. पण तोवर ट्रामगाड्या हद्दीच्या पलीकडे धावू लागल्या होत्या आणि पश्चिमेला नव्या नगरपालिका निघत होत्या. शहराला आता ती जमीन हवी होती जी त्याने पन्नास वर्षांपूर्वी नको म्हणून सोडली होती. १९२६ साली एकत्र येण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. शहराने हो म्हटलं, काउंटीने नाही. १९६२ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला. १९५० साली शहरात ८,५६,७९६ माणसं होती. २०२० साली ३,०१,५७८. काउंटी तेवढ्या काळात दहा लाखांवर गेली. उद्योग, चांगला पगार आणि त्यांचा कर हद्द ओलांडून गेले; जुनी घरं, जुन्या गटारी आणि गरिबी ६१ चौरस मैलांत राहिली.

काउंटीचं तरी सगळं भलं झालं का? सेंट लुईस काउंटीत आज नगरपालिकाच नव्वदच्या आसपास आहेत, काहींची वस्ती काहीशेच. प्रत्येकीला आपला महापौर, अनेकींना आपले पोलीस, आपलं कोर्ट. खर्च भागवायला पैसे आणायचे कुठून? फर्ग्युसन ही यांतलीच एक नगरपालिका. २०१४ साली तिथे मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला आणि देश पेटला. दुसऱ्या वर्षी संघीय न्यायखात्याने अहवाल दिला. त्यात दंडवसुली हे नगरपालिकेचं उत्पन्नाचं साधन कसं झालं होतं आणि तिचा भार कृष्णवर्णीय रहिवाशांवर कसा पडत होता, हे पानोपानी आहे. वंशद्वेष तर त्यात होताच. पण तुकडे इतके बारीक झाले की प्रत्येक तुकडा आपल्याच माणसांच्या खिशात हात घालू लागतो, हेही त्यात वाचायला मिळतं.

२०१९ साली पुन्हा एकत्रीकरणाची मोठी योजना पुढे आली. तिच्यावर साऱ्या राज्याने मत द्यायचं, असं घाटत होतं. त्यानेच शहर आणि काउंटी दोन्हीकडे लोक बिथरले. त्यात, नव्या महानगराचे पहिले महापौर म्हणून योजनेत ज्यांचं स्थान पक्कं होतं, त्या काउंटीप्रमुखांवरच भ्रष्टाचाराचे गुन्हे दाखल झाले. योजना गुंडाळली गेली. आणि तरीही दोघं काही गोष्टी गुपचूप एकत्र करतात. सांडपाण्याची संस्था १९५४ पासून सामाईक आहे. प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालयांसाठी १९७० च्या दशकापासून दोन्हीकडून कर गोळा होतो, म्हणून फॉरेस्ट पार्कमधलं प्राणिसंग्रहालय आजही फुकट पाहता येतं. सांडपाणी उताराने वाहतं आणि मुलांना हत्ती बघायचा असतो. १८७६ चं मतदान दोघांनाही ठाऊक नाही.

बाल्टिमोर १८५१ मध्येच काउंटीतून वेगळं झालं. काउंटीने आपलं मुख्यालय उचलून टाउसनला नेलं. शहराने १८८८ आणि १९१८ साली हद्द वाढवून घेतली, मग १९४८ च्या घटनादुरुस्तीने दार लागलं: ज्या भागाला घ्यायचं तिथल्या लोकांनी हो म्हटल्याशिवाय हद्दवाढ नाही. तेव्हापासून त्या बाजूने होकार आलेला नाही. साडेनऊ लाखांचं शहर पावणेसहा लाखांच्या आसपास आलं, आणि त्याला घोड्याच्या नालासारखी वेढणारी बाल्टिमोर काउंटी साडेआठ लाखांवर पोहोचली. इथपर्यंत गोष्ट सेंट लुईसचीच. पण या काउंटीत एकही नगरपालिका नाही. एकसुद्धा नाही. सगळा कारभार टाउसनहून चालतो. म्हणजे वेगळ्या निघालेल्या शहराभोवतालची काउंटी चिंध्या होऊनच राहते असं नाही. ते तिथल्या कायद्यावर आणि लोकांच्या हौसेवर असतं. शहराची कोंडी मात्र दोन्हीकडे सारखीच झाली.

याचमुळे व्हर्जिनियाची लहान शहरं अलीकडे उलट्या दिशेला चालू लागली आहेत. १९८८ साली राज्याने शहरांना पुन्हा टाऊन होण्याची वाट मोकळी केली. तंबाखूच्या बाजारपेठेचं साऊथ बॉस्टन १९६० मध्ये शहर झालं होतं. १९९५ मध्ये ते हॅलिफॅक्स काउंटीत परतलं. रेल्वेचं गाव असलेलं क्लिफ्टन फोर्ज २००१ साली ॲलेगेनी काउंटीत गेलं. कारण सरळ आहे. पाचसहा हजार माणसांच्या करावर शाळा, कोर्ट, तुरुंग, शेरीफ हा सगळा संसार चालवणं झेपत नाही. टाऊन झालं की शाळा आणि कोर्ट काउंटीच्या गळ्यात. रहिवाशाला दोन कर भरावे लागतात, पण गावाचा डोलारा हलका होतो. काउंटीला हे आवडतंच असं नाही. कापड आणि फर्निचरचे कारखाने गेल्यावर खंगलेल्या मार्टिन्सव्हिलने २०१९ मध्ये हेन्री काउंटीत परतायचं ठरवलं, तेव्हा काउंटीने कपाळाला हात लावला. पुढे काही वर्षं घोळ घालून शहराने तो विचारच सोडून दिला. एकेकाळी शहर आपली जमीन खाईल म्हणून काउंटी झोपत नव्हती. आता ते घरी परत येईल ही धास्ती.

सर्वांत शेवटी परतलेलं शहर म्हणजे बेडफर्ड. १९६८ साली ते काउंटीतून वेगळं निघालं होतं, १ जुलै २०१३ रोजी पुन्हा बेडफर्ड काउंटीतलं टाऊन झालं. दोघांच्या शाळा आधीपासून काउंटीच चालवत होती, त्यामुळे मुलांच्या दप्तरात काही फरक पडला नाही. उलट एकत्र येण्याबद्दल राज्याकडून शाळांसाठी वाढीव पैसे मिळाले.

फरक पडला तो जनगणनेच्या याद्यांत. अमेरिकेत प्रत्येक काउंटीला एक सांकेतिक क्रमांक असतो. राज्याचे दोन अंक, मग काउंटीचे तीन. स्वतंत्र शहरं काउंटीच्या बरोबरीची धरून त्यांचे क्रमांक ५१० पासून पुढे लावलेले आहेत. म्हणून बाल्टिमोर २४५१०, सेंट लुईस २९५१०, कार्सन सिटी ३२५१०. देशाची आर्थिक आकडेवारी करणाऱ्यांना ही शहरं नकोशी होतात. माणूस राहतो काउंटीत आणि कमावतो शहरात, मग उत्पन्न मांडायचं कुठे? म्हणून ते अल्बेमार्ल आणि शार्लट्सव्हिल अशा जोड्या करून एकच आकडा छापतात. जनगणना मात्र प्रत्येकाला वेगळं मोजते. व्हर्जिनियाच्या यादीत ५१५१० म्हणजे अलेक्झांड्रिया. त्याच्यानंतर ५१५१५ वर बेडफर्ड होतं. आता तिथे कुणी नाही, यादी अलेक्झांड्रियावरून थेट ५१५२० वर, ब्रिस्टलला जाते.